घासलेला रुपया

एक चांदीचा रुपया मी स्वतःच्या हातानं कानशीनं घासला, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ऐकणारा म्हणेल, यात न सांगण्यासारखं काय आहे? पण तो रुपया कळायचा तर आधी वीरभद्रआप्पा कळायला हवेत, आणि आप्पा कळायचे तर त्यांच्या पाच प्रती ठाऊक हव्यात.

कोरा, उमदा, चालता, बोथट आणि मयत. जुन्या नाण्यांची प्रत ठरवायला आप्पांनी केलेली ही उतरंड. पण ती नाण्यांपुरती कधीच राहिली नाही. सेलूच्या बसस्टँडवरचा चहा ‘चालता’. आमच्या गल्लीतला दाताचा डॉक्टर ‘बोथट’. माझ्या मावसभावानं मोठ्या हौसेनं आपला होणारा जावई त्यांना दाखवला, तर आप्पांनी त्याला उजेडाकडं वळवून नीट पाहिलं आणि म्हणाले, “उमदा हाय. पर पॉलिश केलेला.” मावसभाऊ दोन महिने बोलला नाही. लग्नानंतर वर्षभरानं तो आपणहून आला आणि म्हणाला, आप्पांना कसं कळलं ते विचारून ठेव.

‘कोरा’ मात्र त्यांनी कशालाच म्हटल्याचं मला आठवत नाही. माझा पुतण्या दोन दिवसांचा होता तेव्हा त्यांना मुद्दाम नेऊन दाखवला. तरी ते ‘उमदा’वर थांबले. “दोन दिस हाताळलंय की समद्यांनी,” म्हणाले. स्वतःची प्रत विचारली तर सांगतात, “बोथट. पर अक्षर अजून वाचता येतंय.”

आप्पा वालूरचे. धंदा तराजू दुरुस्तीचा, वडिलांपासून आलेला. एकेकाळी सेलूच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, प्रत्येक काटा त्यांच्या हाताखालून जायचा. आता सगळीकडं आकडे दाखवणारे काटे आले. त्यांना आप्पा ‘दिव्याचा काटा’ म्हणतात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीत. “सेल संपला की ज्याचं इमान संपतं, तो काटा कशाचा?” असं त्यांचं म्हणणं. काम राहिलं नाही, पण आठवड्यातून एकदा ते सेलूला येतात. कपाळाला विभूती, खांद्याला पिशवी. पिशवीत एक लाकडी पेटी, पेटीत सोनाराकडं असतो तसला छोटा दांडीचा तराजू, पितळी वजनं आणि एक भिंग.

ही पेटी माझ्या दुकानात पहिल्यांदा उघडली त्याला आता सात-आठ वर्षं होतील. माझं दुकान तसं झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचं. पण मोबाईलवर जुन्या नाण्यांचे व्हिडिओ बघून बघून माझंही डोकं फिरलं होतं. देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं, गेंड्याचं पंचवीस पैशांचं नाणं ठेवलं तर पोरीचं लग्न निघतं, असलं काहीबाही. मी काउंटरवर काचेचा ट्रे मांडला. भंगारवाल्याकडून, मोड घेणाऱ्या सोनाराकडून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून नाणी घ्यायची, रात्रभर चिंचेच्या पाण्यात टाकायची, सकाळी भांड्यांच्या पावडरीनं घासायची आणि लखलखीत झाली की पुढं चिठ्ठी लावायची. ‘दुर्मिळ’, ‘अतिदुर्मिळ’, ‘फक्त जाणकारांसाठी’. मी स्वतः जाणकार नव्हतो, ही बाब मला त्यावेळी आड येत नव्हती.

आप्पांनी ट्रेसमोर वाकून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. सावकाश, परीक्षेचा पेपर वाचावा तशा. मग एक तांब्याचं नाणं उचलून नाकाशी धरलं.

“चिंच,” ते म्हणाले.

“स्वच्छ केलंय, आप्पा.”

“न्हाई मालक. सोलून काढलंय.” त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. “हे शिवकालीन कोण म्हणालं?”

“मोबाईलवर असंच एक होतं.”

“ह्याच्यावर उर्दूत निजामाचं नाव हाय. महाराजांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील?”

दुकानात त्यावेळी शाळेच्या तीन बाई झेरॉक्ससाठी उभ्या होत्या. त्या हसल्या. मी चिठ्ठी काढली. आप्पांनी मग पेटी उघडून तराजू हातात धरला, आणि मी काही खुलासा करायला तोंड उघडलं तसं म्हणाले, “काटा बोलू द्या. तुमी गप बसा.” हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या दिवशी काटा अर्धा तास बोलला. माझ्या ट्रेमधल्या चाळीसेक नाण्यांपैकी दोन चालती निघाली, काही बोथट, बाकी सगळी मयत. एक तर नाणंच नव्हतं, शेरवानीचं बटण होतं. त्याच्यावर मी ‘मोगल’ लिहिलं होतं.

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. उलट मी पुढच्या आठवड्याची वाट पाहू लागलो. ते आले की आधी हात जोडून शरणार्थ म्हणायचे, पाणी प्यायचे आणि ट्रेमध्ये नवीन काय ते बघायचे. मी नवीन नाणं पुढं करायचो आणि शाळेतल्या पोरासारखा त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचो. ‘उमदा’ हा शब्द एकदा तरी माझ्या नाण्याला मिळावा, ही मला ओढ लागली. धंद्याचा त्यात काही संबंध नव्हता. माझे वडील कौतुक करणाऱ्यातले नव्हते, एवढं सांगून तो विषय सोडतो.

चार वर्षांमागं वालूरकडचा एक मेंढपाळ दुकानात आला. बाजार उठल्यावर मेंढरं नेताना पायाखाली सापडला म्हणून त्यानं मातीनं भरलेला एक रुपया काढला. निजामाच्या वेळचा, चारमिनार असलेला. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला अजून हाली रुपया म्हणतात. धुऊन पाहिला तर अक्षर न् अक्षर शाबूत, मिनारांच्या रेषा चाकूनं काढाव्यात तशा. एकच खोट होती. वरच्या कडेला कथलाचा एक डाग होता, सांधा देताना पडतो तसा, ज्वारीच्या दाण्याएवढा, गबाळा. कोणीतरी कधीतरी गळ्यात घालायला कडी बसवलेली, ती तुटलेली. आणि डागाच्या शेजारी कडेवर एक तिरपी खाच.

मेंढपाळाला चांदीचा भाव दिला. तो खूश होऊन गेला. मी शटर अर्धं ओढून कानस घेऊन बसलो.

आधी डाग काढला. मग खाच दिसेनाशी होईपर्यंत कड सगळीकडून सारखी करत आणली. मग बारीक पॉलिश पेपर, मग चिंच, मग पावडर. दोन दुपारी गेल्या. शेवटी तो रुपया असा चमकू लागला, की त्यात माझं तोंड दिसत होतं. चिठ्ठी लावली नाही. तो मी फक्त आप्पांसाठी ठेवला.

आप्पांनी तो हातात घेतला आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. चारमिनारच्या प्रत्येक रुपयाला ते असंच करायचे. मला वाटायचं, झीज बघतात. मग वास घेतला. मग तराजू काढला.

“साडेदहा,” ते म्हणाले. “हा अकराच्या वर पाहिजे. अर्ध्या ग्रॅमच्या वर कुठं गेला?”

“झिजला असेल.”

“झीज अशी गोल नसती, मालक. चेहरा बगा, नक्षी शाबूत, आन् कडच तेवढी झिजती का?” त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. मग खाली ठेवलं. “ह्याला कानशीनं खाल्लंय. उमदा होता हो ह्यो. लय उमदा. कोण्या गाढवानं केलं?”

“आला तसाच आला,” मी म्हणालो.

“मयत,” आप्पा म्हणाले, आणि रुपया ट्रेमध्ये ठेवला. आपटला नाही. हळू ठेवला. मयताला ठेवतात तसा.

मी तो गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात टाकला.

पुढच्याच हिवाळ्यात परभणीला एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन भरलं. बाहेरगावचे व्यापारी आले होते, टेबलावर निळं मखमली कापड, प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या पाकिटात, पाकिटावर इंग्रजी अक्षरं आणि तोंडाला फेस आणणारे आकडे. मी आप्पांना घेऊन गेलो. खरं म्हणजे मजा बघायला नेलं. गळ्यात टाय घातलेल्या एका पोरगेल्या व्यापाऱ्यापुढं आप्पा थांबले.

“अंकल, ही टॉप ग्रेड आहे. अनसर्क्युलेटेड. म्हणजे कधी वापरलंच नाही.”

“वापरलं न्हाई?”

“कधीच नाही.”

“मग धुतलं कामून?”

“थोडं क्लीन केलंय, शाइन यावी म्हणून.”

“लेकरा, न वापरलेलं पातेलं घासतंय का कोणी?”

भोवती माणसं जमली. आप्पांनी पाकिटाला हात न लावता, भिंगातून, त्या टेबलावरच्या अकरा नाण्यांच्या प्रती सांगितल्या. शेवटचं नाणं साच्यात ओतलेलं निघालं, त्याच्या कडेला जोडाची रेघ होती. व्यापारी लालबुंद झाला. “तुम्हाला काही घ्यायचंय का अंकल? नाहीतर पुढं व्हा.”

“मी घेनारा न्हाई, बाबा. मी सांगनारा हाय,” आप्पा म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर मी चहा आणायला गेलो. येताना पाहिलं, तर आप्पा पुन्हा त्याच टेबलासमोर उभे. एकटे. हातात चारमिनारचा एक रुपया, काळपट, कडेला मोठा डाग. त्यांच्या भाषेत मयताहून मयत. त्या पोरानं सूड म्हणून अव्वाच्या सव्वा किंमत सांगितली. आप्पांनी ना काटा काढला, ना भिंग. धोतराच्या सोग्यातनं नोटा काढून दिल्या आणि रुपया कनवटीला लावला.

मी मागं सरकलो. चहा निवेपर्यंत खांबाआड उभा राहिलो. मला वाटलं, यांनाही काहीतरी लपवायचं आहे. बरं वाटलं मला. ते खोटं सांगत नाही.

परभणीहून परतताना आप्पा पेटी माझ्या दुकानात विसरले. फोन ते वापरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच पेटी घेऊन मी वालूरला गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा, आत अंधार आणि उदाचा वास. घोंगडीवर एक म्हातारी बसली होती. पाठ ताठ, गळ्यात इष्टलिंग, आणि त्याच्या शेजारी एक काळा दोरा, ज्याला काहीच लटकत नव्हतं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडं वळले नाहीत.

“ईरू, कोन आलंय?”

सत्तरी ओलांडलेल्या वीरभद्रआप्पांना कोणी ईरू म्हणतं, हे मला नवीन होतं.

“सेलूचे मालक हायेत, अक्का. नाणीवाले.”

“तू आनलाय का?”

“आनलाय की.” आप्पांनी कोनाड्यातल्या बिस्किटांच्या डब्यातनं एक रुपया काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. तोच, प्रदर्शनातला. अक्कांनी तो दोन बोटांत उभा धरला आणि अंगठा कडेवरून फिरवत नेला. तराजूकडं बघावं तसे आप्पा त्या अंगठ्याकडं बघत होते.

“ह्यो न्हाई,” अक्का म्हणाल्या. “ह्याचा डाग लय सोनारी हाय. आपला असा साफ कुठं होता?”

“बरं,” म्हणून आप्पांनी तो परत डब्यात टाकला. डबा अर्ध्याच्या वर भरलेला होता. सगळे चारमिनारचे, सगळे कडेला डाग असलेले, सगळे मयत. जिल्ह्यातल्या एकूणएक अडाणी दुकानदाराच्या तोंडावर त्याची लायकी सांगणारा हा माणूस, त्याच दुकानदारांकडून, मागितली ती किंमत देऊन, ही रद्दी घरी आणत होता.

“अक्काचा काटा माझ्यापरीस कडक,” ते मला म्हणाले. लाजले होते. मग चुलीकडं वळून, चहाचं पाणी ठेवता ठेवता, पाठमोरेच बोलू लागले. “आई गेली तवा मी पाचाचा, अक्का पंधराची. आईच्या मागं एवढा रुपया ऱ्हायला. अक्कानं लग्न केलं न्हाई. मला सांभाळाय कोण होतं? मी बारा वरसाचा झालो, बापाकडं डाग द्यायला शिकलो, तर पहिलं काम हेच केलं. रुपयाला कडी बसवली. कथील लय पडलं, ज्वारीच्या दाण्याएवढं. जास्तीचं काढाय गेलो तर कानस सटकली आन् खाच पडली. मी रडाय लागलो. अक्का म्हनली, रडू नको रे, आता ह्यो हजारात वळखू येतोय.”

“दोन वरसं झाली,” अक्का आपल्याशीच म्हणाल्या. “बाजारात कडी तुटली. दोरा तेवढा ऱ्हायला.”

“रोज इचारती,” आप्पा म्हणाले. “सकाळी उठली की पहिलं तेच.”

मी चहा पीत होतो. तो पीत राहिलो. मग विचारलं, “आप्पा, ही खूण तुम्ही दुकानदारांना कधी सांगितली नाही?”

आप्पा हसले. “खूण सांगितली की आठ दिसांत दहा जण कथील लावून आन् खाच पाडून आनतील. तुमच्या धंद्याला मी वळखतो, मालक.”

मलाही ओळखतात, असं मला वाटलं होतं. बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं, ती खूण त्यांनी मला सांगितली. म्हणजे मला त्यांनी त्या धंद्यातला धरलेलं नव्हतं.

ट्रे मी त्याच आठवड्यात उचलला, आणि तो रुपया गल्ल्यातून काढून कपाटात कुलूप लावून ठेवला. विचारलं तर सांगायचो, काउंटरवर जागा पुरत नाही. आप्पा तरीही यायचे, पाणी प्यायचे, झेरॉक्स मशीनची प्रत सांगायचे. दर खेपेला वाटायचं, आज सांगू. कपाटाची किल्ली हातात घ्यायचो, तेवढ्यात कोणी तरी गिऱ्हाईक यायचं. नाही आलं तरी मी कोणी येतंय का याची वाट बघायचो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला मी तो रुपया खिशात घालून वालूरला गेलो. रस्त्यात वाक्यं जुळवली होती. आप्पा मागच्या दारी पाणी भरत होते. अक्का एकट्याच होत्या. मला वाटलं, आधी यांच्या हातात द्यावा. वाटलं असंही, की यांना ओळखू येणार नाही आणि मग मी सुटेन. हेही लिहून टाकतो.

अक्कांनी तो उभा धरला. अंगठा कडेवरून निघाला, कुठंच अडला नाही, फिरून जागेवर आला. मी ‘ह्यो न्हाई’ची वाट बघत होतो. अंगठा पुन्हा निघाला, अर्ध्यावर थांबला, थोडा मागं आला, आणि तिथंच राहिला. आप्पांच्या भिंगालाही त्या जागी काही दिसलेलं नव्हतं. मग त्यांनी रुपया गालाला लावला.

“ह्याला काय झालं रे?” त्या म्हणाल्या.

मी मागच्या दाराकडं पाहिलं.

“कुणी घासलं ह्याला?”

“ठाऊक नाही, अक्का,” मी म्हणालो.

आप्पा कळशी घेऊन आत आले. त्यांनी रुपया पाहिला आणि लांबूनच ओळखला. “अक्का, ह्यो मालकाचा मयत हाय. मी मागंच बघितलाय. दे त्यांचा त्यांना.” अक्कांनी लगेच दिला नाही. मुठीत धरून बसल्या. मग मूठ उघडून माझ्या बाजूला केली, आणि मी तो उचलला.

आप्पा मला ओट्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, “तुमी ट्रे काढला ते बरं केलं. तुमी चालते होतात, आता उमदे झालात.”

आयुष्यभर ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा मिळाला.

आप्पा अजून हिंडतात. मागच्या आठवड्यात राणीसावरगावला कोणाच्या तरी पेटीत हाली रुपये निघाले असं ऐकून जाऊन आले. डबा भरत आला आहे. अक्का अजून सकाळी उठून विचारतात.

तो रुपया माझ्याकडं आहे, कपाटात. तो अक्कांचा आहे आणि तो मी घासला. तो त्यांच्या हातात परत द्यायचा आहे, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आप्पांच्या देखत द्यायचं आहे. दोन्ही अजून दिलेलं नाही.